हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गोळी केव्हा घ्यावी, केव्हा नको

ईसीजीच्या कागदावर ‘ठोके अनियमित’ असा शेरा आला की घरातल्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, गोळी कोणती सुरू करायची?’ रुग्ण सोलापूर शहरातला असो किंवा अक्कलकोट-बार्शीहून आलेला असो, ही घाई समजण्यासारखी आहे. हृदयाचे नाव निघाले की कोणालाच स्वस्थ बसवत नाही. तरीही गोळी लिहिण्याआधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात. या अनियमिततेमुळे जिवाला धोका आहे का, तिच्यामुळे रुग्णाला रोजच्या जगण्यात त्रास होतो का, हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याची भीती आहे का, आणि आपण जी गोळी देणार तिचा स्वतःचा धोका किती. यांपैकी पहिल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बहुतेक वेळा औषध न देणे हाच योग्य उपचार असतो, आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगणे हे डॉक्टरचे कामच आहे.

चौथा प्रश्न वैद्यकशास्त्र मोठी किंमत मोजून शिकले आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांमध्ये खालच्या कप्प्यांतून वारंवार जादा ठोके पडतात, त्यांच्यात अचानक मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. म्हणून ते जादा ठोके गोळ्यांनी दाबले तर माणसे वाचतील, असे गृहीत धरून तशा गोळ्या सर्रास दिल्या जात. अमेरिकेतील ‘कास्ट’ या अभ्यासात हे गृहीतक तपासले गेले आणि १९८९ मध्ये त्यातील दोन औषधे, एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड, मध्येच थांबवावी लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार १,४९८ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांमध्ये ६३, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या जवळपास तेवढ्याच रुग्णांमध्ये २६ मृत्यू झाले होते. ईसीजी सुधारला होता, ठोके कमी झाले होते, आणि माणसे मात्र अधिक दगावली होती. तेव्हापासून केवळ कागदावरील रेघ सरळ करण्यासाठी या प्रकारचे औषध देऊ नये, हे तत्त्व जगभर मानले जाते.

गोळीच्या आधी करायच्या गोष्टी

नाडी घरी पाहता येते आणि प्रत्येकाने ती पाहायला शिकावे. पाच मिनिटे शांत बसल्यानंतर एका हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी हाडाच्या आतल्या बाजूला हलकेच ठेवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्यात स्वतःची नाडी जाणवते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. प्रौढ माणसाची बसलेली नाडी साधारण ६० ते १०० असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची याहून कमी असू शकते. संख्येइतकेच लक्ष तालाकडे द्यावे. ताल नीट चालू असताना मध्येच एखादा ठोका गळतो आणि पुढचा जोरात लागतो, असे असेल तर तो बहुधा जादा ठोका, म्हणजे वेळेआधीच पडल्याने मनगटावर न जाणवलेला ठोका असतो. ताल नियमित पण १६०-१८० च्या गतीने धावणारा असेल, तर गोष्ट वेगळी. आणि कितीही वेळ बोटे ठेवली तरी तालच सापडत नाही, दोन ठोक्यांतील अंतर प्रत्येक वेळी निराळे लागते, असे असेल तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विस्कळीत ठोक्यांची शंका घ्यावी; डॉक्टर याला थोडक्यात एएफ म्हणतात. एएफमध्ये हृदयाचे काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे घरच्या बीपी मशीनवर दिसणाऱ्या नाडीच्या एकाच आकड्यावर विसंबू नये.

धडधड चालू असतानाच काढलेला ईसीजी हा सगळ्यात मोलाचा कागद. धडधड थांबल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेला ईसीजी पुष्कळदा पूर्णपणे सामान्य येतो आणि निदान अडते. म्हणून त्रास सुरू असताना जवळच्या दवाखान्यात जाऊन पट्टी काढून घ्यावी आणि ती मागून घेऊन स्वतःच्या फाईलमध्ये ठेवावी. हा कागद उष्णतेने छपाई होणारा असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरातील कपाटात पडून राहिला तर त्यावरील रेघा पुसट होतात, आणि जपून ठेवण्यासाठी लॅमिनेशन केले तर कागद काळा पडतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढावी किंवा मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्यावा. धडधड अधूनमधून येत असेल तर २४ तास किंवा त्याहून अधिक काळ ठोक्यांची नोंद ठेवणारे होल्टर लावावे लागते, आणि हृदयाची रचना पाहण्यासाठी टू-डी इको. औषधाची निवड मुख्यतः या इकोवर ठरते. हृदय रचनेने निरोगी आहे की त्याचा स्नायू कमजोर झाला आहे, यावर कोणती गोळी चालेल आणि कोणती घातक ठरेल हे अवलंबून असते.

त्यानंतर कारण शोधावे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन या साध्या रक्ततपासण्या आहेत, पण त्या न करता वर्षानुवर्षे धडधडीची गोळी घेणारे रुग्ण आढळतात. रक्त कमी असलेल्या बाईला हृदयाची गती कमी करणारी गोळी देणे म्हणजे मूळ दुखणे झाकणे होय. तिला लोहाची गरज असते. थायरॉईड वाढलेला असेल तर तो आटोक्यात आणल्याशिवाय ठोके ताळ्यावर येत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असताना जुलाब-उलट्या झाल्या, त्यातच बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली, तर पोटॅशियम घसरते आणि त्यातून ठोके बिघडतात. मिश्री, तंबाखू, मद्य, दिवसभराचा कडक चहा, जागरण, झोपेतील घोरणे आणि श्वास अडकणे, दम्याचा पंप गरजेपेक्षा जास्त वेळा घेणे, मेडिकलमधून स्वतःच आणलेली सर्दीची गोळी, या सगळ्यांची विचारपूस व्हायला हवी. डॉक्टरांनी विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे. यांतले कारण दूर झाले की अनेकांना हृदयाचे वेगळे औषध लागतच नाही.

मध्येच चुकणारा ठोका

‘छातीत एकदम धस्स होते’, ‘ठोका चुकतो आणि मग जोरात येतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये बहुतेकांना हे जादा ठोके असतात. इको सामान्य असेल, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला नसेल, चक्कर येऊन पडल्याचा इतिहास नसेल, तर औषधाची गरज नसते. होल्टरच्या अहवालात ‘४०० जादा ठोके’ असा आकडा पाहून माणूस खचतो. परंतु हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकते, हे लक्षात घेतले तर ४०० हा आकडा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. दिवसाच्या एकूण ठोक्यांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दहा हजारांहून अधिक जादा ठोके असतील, तर मात्र काळजी घ्यावी लागते, कारण इतक्या मोठ्या प्रमाणावर ते दीर्घकाळ चालू राहिले तर हृदयाचा स्नायू थकू शकतो. अशा रुग्णाला औषध किंवा ॲब्लेशन, म्हणजे कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) बिघाडाची जागा जाळणे, यांचा विचार होतो आणि ठरावीक अंतराने इको करावा लागतो.

संख्या कमी असूनही काही जणांना त्रास खरोखरच फार होतो, झोप लागत नाही, कामावर लक्ष राहत नाही. त्यांना मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी, हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातील गोळी कमी मात्रेत, ठरावीक काळासाठी देणे योग्य आहे. येथे गोळी त्रासावर असते, धोक्यावर नाही, हे रुग्णाला आधीच सांगितलेले असावे. म्हणजे बरे वाटू लागल्यावर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करता येते. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. या गटातील गोळी एका दिवसात बंद केली तर धडधड आणि बीपी उसळी घेतात, आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे त्यांच्या छातीत दुखू शकते.

अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड

बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, नाडी १५० ते २०० च्या दरम्यान पण अगदी नियमित, आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी तितक्याच अचानक थांबते. तरुण बायकांमध्ये याचा एक प्रकार विशेष आढळतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे ‘टेन्शन’ म्हणून तो दुर्लक्षिला जातो. हृदयाच्या वरच्या भागात विजेचा प्रवाह गोल फिरत राहिल्याने हे घडते. याला एसव्हीटी म्हणतात.

अशा वेळी गोळीच्या आधी करून पाहण्याजोगा एक साधा उपाय आहे. रुग्णाला अर्धवट बसवावे, १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला सांगावे, आणि लगेच आडवे झोपवून दुसऱ्याने त्याचे पाय ४५ अंशांपर्यंत वर उचलून १५ सेकंद धरावेत. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाला. पाय न उचलता नुसते फुंकणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. निदान झालेल्या रुग्णाने ही कृती डॉक्टरांकडून एकदा समोर करून दाखवून घ्यावी. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा ग्लानी येत असेल, तर घरी काहीही करत न बसता रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून ॲडेनोसिन दिले जाते; ते दिल्यावर काही क्षण छाती दाटून येते, जीव घाबरा होतो, पण औषधाचा अंमल काही सेकंदांतच संपतो. हे आधी माहीत असले की रुग्ण भीत नाही.

रोजची गोळी केव्हा? धडधडीचे झटके वर्षातून एखाद-दुसरे आणि थोडक्यात थांबणारे असतील तर बहुधा नाही. वारंवार येत असतील तर बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम दिले जाते, पण या गोळ्या झटके कमी करतात, मूळ वाट बंद करत नाहीत. कॅथेटरने ती वाट जाळून टाकण्याची ॲब्लेशन ही प्रक्रिया या आजारात फार यशस्वी आहे आणि बहुतेकांची त्यानंतर गोळीतून सुटका होते. पुढची तीस-चाळीस वर्षे रोज गोळी घेण्यापेक्षा तिशीतील माणसाने ॲब्लेशनचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचाराचा समावेश आहे का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे करता येते.

एक इशारा. काहींच्या हृदयात जन्मतःच विजेची एक जादा वाट असते आणि ती ईसीजीवर दिसते. तिला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. अशा माणसाला एएफ झाले असताना व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन किंवा ॲडेनोसिन दिले तर प्राण जाऊ शकतो. ज्यांच्या ईसीजीवर हे निदान लिहिलेले आहे त्यांनी त्याची प्रत नेहमी जवळ ठेवावी आणि कोणत्याही तातडीच्या विभागात पहिल्या वाक्यातच ते सांगावे.

एट्रियल फिब्रिलेशन: तीन वेगळ्या कामांच्या तीन गोळ्या

औषधांचा सगळ्यात जास्त गोंधळ याच आजारात होतो. एएफच्या रुग्णाच्या हाती तीन प्रकारच्या गोळ्या येऊ शकतात: गुठळी टाळणारी, गती कमी ठेवणारी, आणि ताल पूर्ववत करणारी. प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे रुग्णाला पाठ असायला हवे, कारण ‘आता धडधड नाही’ म्हणून माणसे गोळी बंद करतात ती नेमकी गुठळी टाळणारी असते, आणि तिचा धडधडीशी काहीही संबंध नसतो.

म्हणून विचार गुठळीपासून सुरू करावा. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, रक्त तेथे रेंगाळते, गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो, आणि एएफ कायमचे असो की अधूनमधून येणारे, हा धोका लक्षात घ्यावाच लागतो. कोणाला गोळी द्यायची हे गुणांवरून ठरते. हृदय कमजोर असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार आणि वय ६५ ते ७४, यांना प्रत्येकी १ गुण. वय ७५ किंवा त्याहून जास्त, आणि पूर्वी झालेला पक्षाघात, यांना प्रत्येकी २ गुण. पूर्वी स्त्रियांना १ गुण जादा धरला जाई. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तो वगळला आहे. बेरीज २ किंवा अधिक असेल तर गोळी द्यावी, १ असेल तर रुग्णाशी बोलून ठरवावे, शून्य असेल तर देऊ नये. मंगळवेढ्याची ६८ वर्षांची, बीपी आणि शुगर असलेली आजी घ्या: वयाचा १, बीपीचा १, शुगरचा १, असे ३ गुण झाले. तिला कसलाच त्रास होत नसेल, शेतात खुरपणीला जात असेल, तरीही तिला ही गोळी हवीच. उलट ४५ वर्षांच्या, दुसरा कोणताही आजार नसलेल्या माणसाला धडधडीचा पुष्कळ त्रास असला तरी गुण शून्य असल्याने ही गोळी नको.

हे गणित काही रुग्णांना लागूच पडत नाही. लहानपणी सांधे धरून ताप येऊन गेल्यावर हृदयाची झडप खराब होण्याचा र्‍हुमॅटिक आजार आपल्याकडे अजून संपलेला नाही. त्यातून मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद झाली असेल आणि एएफ असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर गुण न मोजता रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावेच लागते, आणि तेही वॉर्फरिन किंवा ॲसिनोकोमारॉल याच गटातले. डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्या अशा रुग्णांना चालत नाहीत; र्‍हुमॅटिक रुग्णांवरील २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात जुन्या गटातील औषध घेणाऱ्यांची स्थिती रिव्हारॉक्साबान घेणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली. या आजाराच्या रुग्णांत तरुण स्त्रिया पुष्कळ असतात. वॉर्फरिन गर्भाला अपाय करू शकते, म्हणून मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. दिवस राहिल्याचे कळल्यावर घाबरून गोळी स्वतःच बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे.

वॉर्फरिन किंवा ॲसिनोकोमारॉल घेणाऱ्याने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे हे सांगणारी तपासणी चुकवू नये. एएफसाठी हा आकडा साधारणतः २ ते ३ च्या दरम्यान हवा. सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने आणि आकडा स्थिर झाल्यावर साधारण महिन्यातून एकदा तो पाहतात. पालेभाज्या बंद करा, असा सल्ला अनेकांना कोणीतरी दिलेला असतो; तो बरोबर नाही. मेथी, पालक, शेपू, तांदळी खावी, पण प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. एक आठवडा रोज पालेभाजी-भाकरी आणि पुढचा संपूर्ण आठवडा काहीच नाही, असे झाले की आकडा हलतो. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल यांसारखी प्रतिजैविके आकडा झपाट्याने वाढवतात, त्यामुळे जुलाबासाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये. करमाळा-सांगोल्याच्या खेड्यातून तपासणीसाठी दरमहा शहरात येणे ज्यांना जमत नाही आणि ज्यांची झडप चांगली आहे, त्यांच्यासाठी नव्या गोळ्या अधिक सोयीच्या आहेत. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या आल्याने त्यांचा खर्चही पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. मात्र त्या घेताना मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून किमान एकदा, आणि वृद्धांत त्याहून अधिक वेळा करावी. रिव्हारॉक्साबान जेवणाबरोबर घ्यावी लागते, म्हणून चतुर्थी-एकादशीला उपवास करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावे. डॅबिगाट्रानची कॅप्सूल उघडून किंवा फोडून घेऊ नये.

रक्तस्रावाच्या भीतीने नुसती ॲस्पिरिन देण्याची जुनी पद्धत अजूनही पाहायला मिळते. एएफमधील पक्षाघात टाळण्यात ॲस्पिरिन फारच तोकडी पडते आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतोच, त्यामुळे केवळ या कारणासाठी ती देऊ नये. रक्तस्राव टाळायचा असेल तर बीपी आटोक्यात ठेवावे, मद्य टाळावे आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. शौचास डांबरासारखे काळे होणे किंवा डोक्याला मार लागणे या दोन्ही प्रसंगी थेट रुग्णालयात जावे.

दुसरे काम गतीचे. विश्रांतीत नाडी ११० च्या आत राहिली आणि रुग्णाला त्रास नसला तर बहुतेकांना तेवढे पुरते. नेदरलँड्समधील २०१० च्या एका अभ्यासात ८० च्या आत ठेवण्याच्या अट्टाहासाने अधिक फायदा झाला नाही. बीटा ब्लॉकर ही पहिली निवड. दमा असेल तर ती जपून. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हृदयाचा स्नायू कमजोर असलेल्यांना देऊ नये. डिगॉक्सिन स्वस्त आणि उपयुक्त आहे, पण तिची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. मूत्रपिंड मंदावले, पोटॅशियम घसरले, उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले की तीच नेहमीची गोळी जड होते. भूक जाणे, मळमळ, नजरेला पिवळसर दिसणे, नाडी ५० च्या खाली जाणे, यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरे काम तालाचे, आणि येथे डॉक्टर-डॉक्टरांतही मतभेद असतात. २००२ च्या अफर्म अभ्यासात ताल पूर्ववत करण्याचा प्रयत्न आणि नुसती गती आवरणे, यांत मृत्यूच्या दृष्टीने फरक दिसला नाही. २०२० च्या ईस्ट अभ्यासात मात्र निदान होऊन एक वर्षाच्या आत ताल सुधारण्याचे उपचार सुरू केलेल्यांना पक्षाघात व हृदयाच्या इतर गुंतागुंती कमी झाल्या. यावरून जो व्यवहार ठरतो तो असा: आजार नवा असेल, गती आवरूनही दम-थकवा जात नसेल, वय कमी असेल किंवा एएफमुळेच हृदय कमजोर होत असेल, तर ताल सुधारण्याची गोळी, शॉक किंवा ॲब्लेशन यांचा लवकर विचार करावा; अनेक वर्षे एएफ असलेल्या, वरचा कप्पा खूप मोठा झालेल्या आणि काही त्रास नसलेल्या वृद्धाच्या बाबतीत ताल सुधारण्याच्या मागे लागू नये. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन रचनेने निरोगी हृदयालाच चालतात. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा हृदय कमजोर आहे त्यांना नाही.

अमिओडॅरोन कमजोर हृदयालाही चालते, म्हणून ती सर्वाधिक लिहिली जाते, आणि माझ्या मते आवश्यकतेपेक्षा जास्त काळ चालू ठेवली जाते. तिच्यात आयोडीन असते. थायरॉईड कमी किंवा जास्त होऊ शकतो, यकृतावर आणि फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो, डोळ्यांच्या बुबुळावर थर जमतो. ती शरीरात आठवडे-महिने टिकते, त्यामुळे बंद केल्यावरही परिणाम लगेच जात नाहीत. थायरॉईड व यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम सुरू झाला तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. या गोळीवर असताना उन्हाने त्वचा लवकर भाजते. शेतात, बांधकामावर किंवा रस्त्यावर गाडा लावून काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला उपरणे किंवा टोपी ठेवावी. वॉर्फरिन किंवा डिगॉक्सिन चालू असताना अमिओडॅरोन सुरू झाली तर त्या दोन्हींचा परिणाम वाढतो आणि त्यांची मात्रा कमी करावी लागते. ही गोळी लिहून मिळाली की ‘किती महिन्यांसाठी?’ हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

जेथे गोळीने काम भागत नाही

नाडी ४० च्या आसपास, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अशा मंद ठोक्यांवर कायमस्वरूपी गोळी नसते. आधी गती कमी करणारे एखादे औषध चालू आहे का ते पाहतात. ते कारण नसेल तर पेसमेकर लागतो. काही वृद्धांत ठोके कधी फार जलद तर कधी फार मंद असतात. त्यांना जलद ठोक्यांसाठी गोळी दिली की मंद ठोके आणखी मंदावतात, म्हणून पुष्कळदा आधी पेसमेकर बसवून मग गोळी सुरू करतात.

खालच्या कप्प्यांतून उठणारी सलग जलद लय ही तातडीची अवस्था आहे. जलद ठोक्यांबरोबर शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, घाम फुटणे, धाप लागणे यांपैकी काहीही असेल तर घरातली गोळी जिभेखाली ठेवून वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि तातडीचा विभाग असलेले रुग्णालय गाठावे; सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सिव्हिल, आहे. तेथे शॉक देऊन लय मोडली जाते, आणि पुन्हा तसे होण्याचा धोका असलेल्यांना शरीरात बसवायचे शॉकचे यंत्र सुचवले जाते. गोळ्या त्याच्या जोडीला असतात.

गोळी सुरू झाल्यानंतर

ठोक्यांवरील औषधे इतर औषधांशी सहज भांडतात. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, उलटीसाठीची ओंडान्सेट्रॉन, आणि ॲसिडिटीसाठी घरोघरी घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची जोडगोळी, यांतील घटक ईसीजीवरील ‘क्यूटी’ हे अंतर वाढवू शकतात, आणि ते फार वाढले तर ठोके घातकरीत्या बिघडू शकतात. अमिओडॅरोन किंवा सोटालॉल ही तालासाठीची आणखी एक गोळी घेणाऱ्याने ही औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दात काढायचा असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतः बंद न करता दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावावे. अनेक छोट्या शस्त्रक्रियांत ती बंद करावीही लागत नाही.

आषाढी वारीला जिल्ह्यातून वृद्ध माणसे मोठ्या संख्येने चालत जातात, आणि ठोक्यांचा आजार आहे म्हणून वारी सोडा, असे सरसकट सांगण्याचे कारण नाही. निघण्याआधी मात्र नाडी, बीपी, क्रिएटिनिन, आणि लागू असेल तर आयएनआर पाहून घ्यावे. गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा थोड्या जास्त घ्याव्यात आणि त्या सामानाच्या ट्रकमध्ये न ठेवता गळ्यातल्या पिशवीत, मूळ पट्टीसकट ठेवाव्यात. त्याच पिशवीत औषधांची नावे, मात्रा आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवावा. रस्त्यात पडून मार लागला तर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे हे त्या कागदावरूनच कळणार असते.

गोळी चुकली तर काय करावे, हा प्रश्न सगळ्यांनाच कधी ना कधी पडतो. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकोमारॉल त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर चुकलेली सोडून द्यावी आणि नेहमीची एकच घ्यावी. एपिक्साबान किंवा डॅबिगाट्रान दिवसातून दोनदा असते. ठरलेल्या वेळेनंतर सहा तासांच्या आत आठवले तर घ्यावी, नाहीतर पुढच्या वेळेची वाट पाहावी. दिवसातून एकदाच्या रिव्हारॉक्साबानसाठी ही मुदत बारा तासांची. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल, तर दिवसातून दोनदाची असल्यास ती वेळ सोडून पुढच्या वेळी नेहमीची घ्यावी, आणि त्या दिवसापासून आठवड्याच्या वारांचे खाने असलेला गोळ्यांचा डबा वापरायला सुरुवात करावी.